फॉरमॅट मारायचा नाही

"काकू, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा गेला समजा," दुकानदार म्हणाला. बोलताना त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या कुणाचा तरी प्रिंटर उघडून तो त्यात डोकं घालून बसला होता.

"तुम्ही आत बघितलं तरी का?" मी विचारलं.

"त्यात बघायचं काय? शॉर्टकट व्हायरस आहे. गणपतीच्या आधी दिवसाला चार येतात."

"मग चौघांचंही पुसून टाकता?"

"पुसत नाही हो. साफ करतो."

"माझा डबा द्या इकडे," मी म्हटलं.

कम्प्युटरचा तो काळा डबा मांडीवर घेऊन मी रिक्षाने घाटकोपरच्या चढावर घरी आले. साठी ओलांडलेल्या बाईने एवढं तणतणत दुकानातून निघावं असं त्या डब्यात काय होतं, हे त्या माणसाला कळायचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी तो दिवसाला येणाऱ्या चारांतला एक. माझ्या लेखी त्यात माझे वडील होते, आणि ते दुसरीकडे कुठेही उरलेले नव्हते. कारण ज्यात ते उरले होते ते मीच पाण्यात बुडवलं होतं.

हे नीट सांगायला हवं.

माझे वडील गिरणीत कापड विणायच्या साच्यावर कामाला आणि पाळी सुटली की भजनी बुवा. आमच्या मालवणी मुलखात डबलबारी म्हणून प्रकार आहे. दोन बुवा समोरासमोर बसतात, प्रत्येकाच्या मागे पखवाज, झांजा आणि कोरस. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. देवाचं नाव घेता घेता एकमेकांची सालंही काढायची. वडील आपली गाणी आपणच रचायचे आणि लांबट वह्यांत लिहून ठेवायचे. अशा अकरा वह्या झाल्या. वडील गेले, पुढे काही वर्षांनी आई गेली, आणि मी एकुलती एक म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. तोवर त्यांना कसर लागली होती, पानं उलटली की कोपरे हातात यायचे.

मी आयुष्यभर टायपिस्टची नोकरी केलेली. निवृत्त झाल्यावर म्हटलं, लोक भिशी लावतात, मी वडिलांना टाईप करते. तीन वर्षं सकाळची भांडी आवरली की कम्प्युटरपुढे बसायची. प्रत्येक वहीचं वेगळं फोल्डर केलं. वडिलांचं अक्षर सुरेख नव्हतं पण ठाम होतं, आणि त्यांचा 'ळ' चमत्कारिक, खालच्या बाजूला शेपूट काढलेला. माझी आई वाण्याची यादी लिहायची तिच्यातही अगदी तसाच शेपटीवाला 'ळ' असायचा. आईला अक्षरओळख वडिलांनीच करून दिली असणार, हे मी लहानपणापासून धरून चालले होते. कधी विचारलं नाही.

वह्यांतलं सगळंच मी टाईप केलं असं नाही. देवाच्या भजनांत मधूनमधून टोमण्यांची गाणी होती. समोरच्या बुवाच्या पोटावर, टकलावर, त्याच्या घरच्यांवर. एका पानावर "पोट बघा बुवाचे, पखवाजाला लाज, आतून काही वाजत नाही, बाहेर नुसता साज" अशी सुरुवात होती. मी हसले, पण पुढे त्याच पानावर 'बाईल' शब्द दिसला आणि मी पान उलटलं. पुरुष पुरुषांत बसले की बायकांबद्दल काय बोलतात हे मी ऑफिसात तीस वर्षं ऐकलं होतं. वडिलांचं पुस्तक निघालं तर नातवंडांच्या हातात जाईल, त्यात असलं काही नको. अशी वीस-पंचवीस पानं मी गाळली असतील.

नवरा म्हणायचा, "अगं, मोबाईलवर पानांचे फोटो तरी काढून ठेव."

"टाईप करतेय ना मी? मग फोटो कशाला?" असं म्हणून मी त्याचं तोंड बंद करायची. माझ्या घरी तोंड बंद करण्याचं काम माझ्याकडे असतं.

वडिलांचे पखवाजवाले तेवढे अजून होते. वय ऐंशीच्या पुढे, मुलुंडला मुलाकडे राहायचे. दर रविवारी त्यांचा फोन. "काय गो चेडवा, बापाशीची वही खय पोचली?" मी सांगायची, काका, सातवी चालू आहे, आठवी चालू आहे. डोळे गेले होते, तरी "मोठ्या अक्षरात छाप हां" म्हणायचे. वाचून कोण दाखवणार ते त्यांनी ठरवलं होतं की नाही, देव जाणे.

टायपिंग संपलं ते या व्हायरसच्या आदल्या वर्षीच्या श्रावणात. आता वह्यांचं काय करायचं? आमच्याकडे देवाचं नाव लिहिलेला कागद रद्दीत घालत नाहीत. फाटक्या पोथ्या, देवाचे जुने फोटो, सगळं गणपतीबरोबर पाण्यात जातं. आईने तेच केलं असतं, तिच्या आईनेही तेच. मी अकरा वह्या लाल कापडात बांधल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि पाच दिवसांच्या गणपतीबरोबर पवईच्या तलावावर घेऊन गेले.

तिथे एका स्वयंसेवकाने अडवलं. "काकी, कागद पाण्यात नाही. निर्माल्य तिकडे कलशात."

"तिकडे त्याचं खत करता तुम्ही," मी म्हटलं.

"हो ना. चांगलंच आहे की."

"माझ्या बापाचं खत नाही करायचं."

मागे रांग खोळंबली होती, ढोलवाले थांबले होते, नवरा माझा दंड धरून "चल गं" करत होता. मी हलले नाही. शेवटी मूर्ती घेऊन जाणाऱ्या तराफ्यावरच्या माणसाने हात पुढे केला आणि गाठोडं घेतलं. मी जिंकले. घरी येताना सबंध रस्ताभर मी नवऱ्याला सांगत होते, बघितलंत, माणसाने आपल्या शब्दावर उभं राहिलं की होतं. त्या विजयाची मला पुढे अकरा महिने फार ऐट होती.

आता पेनड्राईव्ह.

आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा आहे. घाटकोपर, भांडुप, मुलुंड मिळून चाळीसेक घरं. गणपतीच्या आधी मंडळाचा एक पेनड्राईव्ह घरोघर फिरतो. त्यात आरत्या, भजनं, जुन्या डबलबाऱ्यांची रेकॉर्डिंगं. ज्याच्या घरी येईल त्याने हवं ते उतरवून घ्यायचं, आपल्याकडचं काही असेल तर त्यात भरायचं, आणि पुढच्या घरी पोचवायचा. मखराशेजारी वाजवायच्या स्पीकरच्या डब्यालाही तोच लावतात. हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं, पण पेनड्राईव्ह हातात देताना चहा होतो, चौकशी होते, त्यामुळे फेरी चालू राहिली आहे. त्यात काय भरलंय, आधी तपासावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. प्रसाद कुणी तपासून खातं का?

गणपतीला आठ दिवस असताना तो माझ्याकडे आला. मी लावला, उघडला. आत नेहमीच्या फोल्डरांच्या कोपऱ्यात छोटे वाकडे बाण दिसत होते. एकावर दाबलं. क्षणभर काही झालं नाही, मग फोल्डर उघडलं, गाणी दिसली. मी चार गाणी घेतली आणि पेनड्राईव्ह भांडुपला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी माझा कम्प्युटर गोगलगाय झाला. तिसऱ्या दिवशी मी वडिलांचं फोल्डर उघडायला गेले तर तिथेही तेच बाण. वही एक, वही दोन, वही तीन, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाण, आणि उघडलं की "सापडत नाही" असा निरोप. नातीच्या बारशाचं शूटिंग, फोटो, सगळ्याचं तेच. पण मी अगदीच खुळी नव्हते, वह्यांची एक कॉपी मी माझ्या स्वतःच्या पेनड्राईव्हवर करून ठेवली होती. कपाटातून तो काढला आणि धीर येऊन कम्प्युटरला लावला. माझ्या डोळ्यांदेखत त्यातल्याही अकरा फोल्डरांना बाण फुटले. रोग्याच्या शेजारी मी शेवटचं धडधाकट पोर आणून झोपवलं होतं.

मी खुर्चीत बसून रडले. अकरा महिन्यांपूर्वीचं ते लाल गाठोडं आठवत होतं, आणि रांग खोळंबवून मी दिलेलं भाषण.

त्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा निरोप ग्रुपवर आला. माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कविता करतो, आणि मंडळात बाईमाणसाने हळदीकुंकवाचं बघावं अशा मताचा. लिहिलं होतं: सर्वांना कळविण्यात येते की घाटकोपरहून पुढे आल्यावर पेनड्राईव्हमध्ये व्हायरस आढळला आहे. ज्येष्ठ सभासदांनी समजत नसल्यास कम्प्युटर हाताळू नये. खाली सात जणांनी हात जोडले होते.

रडू थांबवायला मला एवढं पुरतं. तोंड धुतलं आणि डबा उचलून दुकानात नेला. तिथे काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

घरी येऊन मी डबा परत जोडला. नवरा म्हणाला, "आता काय करणारेस?"

"बघणार आहे. त्याने बघितलं नाही, मी बघणार आहे."

"आणि तुला काय कळणार त्यात?"

"अहो, तुम्ही चहा टाका," मी म्हटलं. त्याने निमूट टाकला.

बघता बघता एक गोष्ट नजरेत भरली. कम्प्युटरमध्ये कुठला कप्पा किती भरलाय ते दाखवणारी एक निळी पट्टी असते. माझा कप्पा रिकामा दिसत होता, आत बाणांशिवाय काही नव्हतं, पण पट्टी मात्र होती तेवढीच भरलेली. झाकण उघडल्यावर डबा रिकामा आणि उचलून बघावा तर वजन लाडवांचं. म्हणजे लाडू आहेत. कुणीतरी फक्त दिसेनासे केलेत.

आणि दिसेनासं करणं हा प्रकार मला माहीत होता! आमच्या ऑफिसात पहिला कम्प्युटर आला तेव्हा पडदा काळा असायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा द्यायच्या. चित्रं नाहीत, माऊस नाही. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घ्यायला साहेबाने मला पाठवलं, कारण पुरुषांपैकी कुणी तयार होईना, मशीन बिघडलं तर गळ्यात येईल म्हणून. तिथे शिकलेली एक आज्ञा होती फाईल लपवायची, आणि तीच उलटी फिरवली की दाखवायची. आमच्या सेक्शनमधले लोक तिने पत्त्यांचा खेळ लपवायचे आणि साहेब बाहेर गेला की काढायचे. काढून द्यायचं काम माझं असायचं.

आज्ञा आठवेना. मग आठवलं की तेव्हाची वही आहे. माळ्यावर चढायला नवऱ्याने शिडी धरली. ट्रंकेत, जुन्या स्वेटरांखाली, ती निळ्या पुठ्ठ्याची वही जशीच्या तशी होती. तिच्यात देवाचं नाव कुठेच नव्हतं म्हणून तिचं विसर्जन झालं नव्हतं. शिडीवर उभ्या उभ्या मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा संतापही आला.

आज्ञा अकराव्या पानावर होती. ॲट्रिब, मग वजा एच, वजा एस, आणि खाली माझ्याच अक्षरात "दाखवण्यासाठी वजा, लपवण्यासाठी अधिक". काळा पडदा आजच्या कम्प्युटरातही असतो, चित्रांच्या मागे गुपचूप बसलेला. तो मी उघडला. फोल्डर आणि त्याच्या पोटातलं सगळं, एवढ्यासाठी आणखी काय जोडायचं ते मोबाईलवर एका हिंदी बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत मिळालं. लिहिलं, बटण दाबलं.

वही एक आली. वही दोन आली. अकराच्या अकरा ओळीने उभ्या राहिल्या, बाणांच्या शेजारी, खऱ्याखुऱ्या. मी ओरडलेच. नवरा बटाटा सोलत होता तो सुरीसकट धावत आला. मी वही एक उघडायला हात नेला, तेवढ्यात ती गेली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. मोजून अर्ध्या मिनिटात पुन्हा नुसते बाण.

"गेलं वाटतं," नवरा म्हणाला.

"गेलं नाही. घालवतंय कुणीतरी," मी म्हटलं, आणि मला जे वाटलं ते सांगायचं तर भीती नव्हे, राग वाटला. माझ्या घरात, माझ्या वडिलांच्या वह्यांवर, कुणीतरी आत बसून हात फिरवत होतं. ते जोवर जागं आहे तोवर मी शंभरदा काढीन आणि ते शंभरदा लपवील. आधी त्याला झोपवायला हवं होतं. पाहुण्यांना जेवायला वाढायचं तर आधी मांजराला बाहेर काढावं लागतं, एवढी साधी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उरकून बसले. प्रथम इंटरनेटची वायर काढली. मग आत या घटकेला काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. एकेक नाव वहीत उतरवलं आणि मोबाईलवर शोधलं, हे कोण, याचं काम काय, हे घरचं की बाहेरचं. बत्तीस नावं झाली. एकतीस घरची निघाली. एक स्वतः निरुपद्रवी होतं, पण दुसऱ्याने लिहून दिलेले हुकूम चालवणं हे त्याचं काम, आणि मी त्याला कुठलाही हुकूम दिलेला नव्हता. त्याला बंद केलं. कम्प्युटर सुरू होताना ते आपोआप उठायचं, ती नोंद शोधून पुसून टाकली. कम्प्युटर अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू करायची एक पद्धत असते, आजाऱ्याला नुसती पेज द्यावी तशी, तसा तो सुरू केला आणि व्हायरस शोधणारा प्रोग्राम लावला. त्याने चार तास घेतले. मी त्याच्यासमोरून उठले नाही. नवऱ्याने भात-आमटी केली आणि ताट तिथेच आणून दिलं. ते मी लक्षात ठेवलं आहे.

चार तासांनी मग पुन्हा काळा पडदा, पुन्हा तीच आज्ञा. अकरा वह्या आल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले. एक मिनिट. पाच मिनिटं. नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजत होता. दहा मिनिटांनी मी वही एक उघडली आणि पहिलं गणेशस्तवन मोठ्याने वाचलं. आवाज फाटला, पण पूर्ण वाचलं.

मग मी मंडळाचा पेनड्राईव्ह भांडुपहून परत मागवला. कशाला, ते सांगितलं नाही. काळ्या पडद्यावर त्यातली लपलेली फाईल उघडी पाडली, तिच्यापुढे ती त्यावर कधी आली त्याचा दिवस आणि वेळ लिहिलेली होती. माझ्याकडे येण्याच्या तीन दिवस आधी, दुपारी. त्या दुपारी पेनड्राईव्ह होता सेक्रेटरीकडे, आरत्यांची पुस्तिका छापायला तो प्रिंटिंगच्या दुकानात घेऊन गेला होता. तसा फोटोही त्याने स्वतःच ग्रुपवर टाकला होता. मी पडद्याचा फोटो काढला, ती फाईल पुसली आणि फोटो त्याच्या फोटोखाली लावला. लिहिलं: ज्येष्ठ सभासदाने कम्प्युटर हाताळला आहे. पेनड्राईव्ह साफ आहे. ज्यांचं लपलं असेल त्यांनी डबा घेऊन घाटकोपरला यावं, फॉरमॅट मारू नये. गणपतीपर्यंत सहा घरचे डबे येऊन गेले. सेक्रेटरीचा सर्वांत आधी आला, ते मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलं.

रविवारी पखवाजवाल्या काकांना मीच फोन केला. सगळं सांगितलं, बुडवलेल्या वह्यांपासून. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सगळा मिळाला?"

"सगळं मिळालं काका. एक ओळ गेली नाही."

"पोटाचा गाणा मिळाला? पखवाजाक लाज?"

मी उलटलेलं ते पान मला आठवलं.

"अगो, ती तर तुझ्या बापाशीची मोठी बारी. समोरच्या बुवान भर सामन्यात विचारल्यान, म्हणे तू बायलेच्या पदराआड बसून पोथी वाचतंस. लोक हसले. माका वाटला आता हो उठान जाता. तर तुझ्या बापाशीन काय केल्यान? आधी त्याच्या पोटार गायलो, लोकांका हसवल्यान, आणि मग एकदम आवाज खाली घेवन उत्तर दिल्यान. मी वाजवूचा थांबवलंय. इतक्या वर्षांत त्या एकाच वेळाक मी थांबलंय." आणि काकांनी फोनवर, धाप लागत, गाऊन दाखवलं:

खरंच बोललास बुवा तू रे, बाईल माझी गुरू
चुलीपुढल्या राखेमध्ये अक्षर झाले सुरू
बोट धरून तिने माझे…

"पुढे?" मी विचारलं.

"पुढला आठवणा नाय गो चेडवा. चार कडवी होती. तुझ्याकडे असतली ना लिवलेली?"

तो 'ळ' आईचा होता. शेपटीवाला. वडिलांनी तो तिच्या बोटाखाली राखेत गिरवला होता, आणि मी आयुष्यभर उलटं धरून चालले होते. ते सांगणारं पान माझ्या हातात होतं. मी त्यातला एक शब्द वाचला आणि उलटलं. व्हायरसने लपवलं होतं, पण ठेवलं होतं. ज्याला मी शिव्या घालत होते त्याने माझी एक ओळ पुसलेली नव्हती. पुसलं ते मी, शहाणपणाने, सकाळची भांडी आवरून, शुद्धीवर असताना. आणि ते कुठल्याही काळ्या पडद्यावर कुठल्याही आज्ञेने परत येणार नव्हतं.

"काका, नाही माझ्याकडे," मी म्हटलं. "मी गाळलं."

काकांनी धाप आवरली. मग म्हणाले, "लिव मग. आठवता तितक्या सांगतंय."

पुढचे चार महिने दर रविवारी मी लिहून घेतलं. पोटाची, टकलाची, घरच्यांची, सगळी गाणी, जशी आठवली तशी, शब्द न बदलता. अर्ध्याहून कमी परत आली. आईच्या गाण्याच्या त्या अडीच ओळींपुढे मात्र काका गेले नाहीत, आणि फाल्गुनात ते स्वतःच गेले.

आता पुस्तक छापायला दिलं आहे, मोठ्या अक्षरात. सेक्रेटरी घरी आला होता, आता मला ताई म्हणतो. ते पान बघून म्हणाला, "ताई, उरलेलं कडवं मी जुळवून देतो. बोट धरून तिने माझे, पुढे सोपं आहे. अर्धवट बरं दिसत नाही."

"नाही," मी म्हटलं.

"आणि खाली ही टीप कशाला? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

टीप मी स्वतः टाईप केली आहे आणि प्रुफात कुणी काढू नये म्हणून तीनदा तपासली आहे. अडीच ओळींखाली जागा कोरी सोडली आहे, साडेतीन कडव्यांएवढी, आणि त्याखाली लिहिलं आहे: पुढील ओळी बुवांच्या मुलीने न वाचता गाळल्या आणि वही पवईच्या तलावात सोडली.